शिक्षेविरुद्धचे अपील मुदतीनंतर गेले तर...

फौजदारी खटल्याचा निकाल लागतो, आरोपी दोषी ठरतो आणि त्याची रवानगी तुरुंगात होते. खटला येथे संपला, असा अनेकांचा समज असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र याच दिवसापासून एक नवी मुदत सुरू होते. वरिष्ठ न्यायालयात अपील करण्यासाठी प्रकरणानुसार ३०, ६० किंवा ९० दिवस मिळतात. या दिवसांत अपील दाखल झाले नाही, तर ते 'मुदतबाह्य' ठरते. न्यायालय त्यातील मुद्दे ऐकण्यापूर्वी एकच प्रश्न विचारते : उशीर का झाला?

या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही, तर शिक्षा चुकीची होती की बरोबर, हे तपासलेच जात नाही. उलट, उत्तर समाधानकारक असेल तर काही वर्षांच्या विलंबानंतरही अपिलाचे दार उघडते. जामिनावर असलेला, पदरी वकील असलेला आरोपी ही मुदत सहसा चुकवत नाही. ती चुकते प्रामुख्याने तुरुंगात असलेल्या, गरीब, निरक्षर आणि पाठीमागे कोणी नसलेल्या बंद्यांची. म्हणून उशिराच्या अपिलांचा प्रश्न दिनदर्शिकेपेक्षा निकालाची प्रत आणि वकील या दोन गोष्टींशी अधिक जोडलेला आहे.

मुदत किती?

फौजदारी अपिलांची मुदत १९६३ च्या मुदत कायद्याने, म्हणजेच न्यायालयीन भाषेतील 'लिमिटेशन ॲक्ट'ने ठरवून दिली आहे. या कायद्याच्या परिशिष्टातील अनुच्छेद ११५ शिक्षा झालेल्या आरोपीसाठी महत्त्वाचा आहे. त्यानुसार फाशीच्या शिक्षेविरुद्ध अपील करण्यास ३० दिवस, अन्य शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करण्यास ६० दिवस आणि उच्च न्यायालयाव्यतिरिक्त अन्य न्यायालयात, म्हणजे सामान्यतः सत्र न्यायालयात, अपील करण्यास ३० दिवस मिळतात.

अपील कोठे करायचे, हे शिक्षा कोणी व किती दिली यावर अवलंबून असते. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील सत्र न्यायालयात जाते. सत्र न्यायाधीशाने खटला चालवला असेल किंवा सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली असेल, तर अपील उच्च न्यायालयात करावे लागते. महाराष्ट्रात मुंबईचे मुख्य पीठ, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठे आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेले कोल्हापूरचे सर्किट बेंच यांपैकी ज्याच्या हद्दीत जिल्हा येतो, तेथे हे अपील दाखल होते. गोव्यातील प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे जातात.

उच्च न्यायालयानंतर सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका करता येते. तिची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवसांची असते. फाशीच्या प्रकरणांत ती ६० दिवसांची आहे.

दंड संहितेप्रमाणेच फौजदारी प्रक्रियेचा कायदाही आता बदलला आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या संहितेतील कलम ३७४ खालचे अपील आता नव्या संहितेच्या कलम ४१५ खाली येते. मात्र अपिलाच्या मुदती मुदत कायद्यात असल्यामुळे त्या पूर्वीसारख्याच राहिल्या आहेत.

दिवस कसे मोजतात?

मुदत मोजताना निकालाचा दिवस धरला जात नाही. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी लागलेला आवश्यक कालावधीही मुदत कायद्याच्या कलम १२ नुसार वगळला जातो. समजा, सत्र न्यायालयाने १ एप्रिल रोजी शिक्षा सुनावली. २ एप्रिलपासून मोजल्यास साठावा दिवस ३१ मे रोजी येतो. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज केल्यापासून ती तयार होईपर्यंत १० दिवस लागले असतील, तर ते वगळून मुदत १० जून रोजी संपते. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर कलम ४ नुसार ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वगळला जातो तो प्रत मिळवण्यासाठी लागलेला वेळ. प्रतीसाठी अर्ज करण्यापूर्वी वाया गेलेले दिवस वगळले जात नाहीत. पैशांची जुळवाजुळव झाल्यावर नकलेचा अर्ज करू, असे म्हणून थांबलेल्या कुटुंबांची मुदत तोवर सरत असते.

करोना काळात या मोजणीला मोठा अपवाद करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजी स्वतःहून दखल घेऊन सर्व प्रकारच्या मुदती वाढवल्या. त्यानंतर १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या मोजणीतून वगळण्यात आला आणि या काळात मुदत संपलेल्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस देण्यात आले. त्या काळात मुदत उलटलेल्या कित्येक अपिलांना वेगळी विलंबमाफी मागावी लागली नाही.

विलंबमाफीचा अर्ज

मुदत उलटल्यावर अपिलासोबत विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज द्यावा लागतो. मुदत कायद्याच्या कलम ५ नुसार, वेळेत अपील न करण्यास 'पुरेसे कारण' होते अशी न्यायालयाची खात्री पटली, तर मुदतीनंतरचे अपीलही दाखल करून घेता येते. अर्जात किती दिवसांचा विलंब झाला, तो कोणत्या टप्प्यावर आणि का झाला, हे सांगावे लागते. त्याला पूरक प्रतिज्ञापत्र आणि उपलब्ध कागदपत्रे जोडली जातात. तुरुंगातील नोंदी, रुग्णालयाची कागदपत्रे, नकलेच्या अर्जाची तारीख, वकील बदलल्याचा पुरावा यांचा त्यात समावेश असतो.

'पुरेसे कारण' म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही. उच्च न्यायालयाच्या एखाद्या आदेशामुळे किंवा प्रथेमुळे मुदत मोजण्यात दिशाभूल झाली, तर ते पुरेसे कारण ठरू शकते, एवढेच स्पष्टीकरण कलम ५ मध्ये आहे. बाकीचा अर्थ निकालांतून घडत गेला. १९८७ मध्ये अनंतनागच्या भूसंपादन अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ उदारपणे लावावा, असे सांगितले. प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा खुलासा मागताना तारतम्य सोडू नये आणि तांत्रिकता व खरा न्याय यांच्यात निवड करायची झाल्यास न्यायाला झुकते माप द्यावे, असा त्या निकालाचा आशय होता. ते प्रकरण अवघ्या चार दिवसांच्या विलंबाचे होते.

१९९८ च्या एन. बालकृष्णन प्रकरणात विलंब ८८३ दिवसांचा होता. तेथे न्यायालयाने आणखी एक सूत्र घालून दिले. विलंब किती मोठा आहे यापेक्षा त्याचा खुलासा पटण्याजोगा आहे का, हे महत्त्वाचे. खुलासा खोटा असेल तर काही दिवसांचा विलंबही माफ होणार नाही. तो खरा असेल तर दोन-तीन वर्षांचाही होऊ शकेल.

ही दोन्ही प्रकरणे दिवाणी स्वरूपाची होती. फौजदारी अपिलात त्यांचा आधार घेतला जातो, पण तेथे पारड्यात आणखी एक वजन पडते : माणसाचे स्वातंत्र्य. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या धनादेश न वटल्याच्या एका प्रकरणात २००७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की स्वातंत्र्यावर परिणाम करणाऱ्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करण्याचा हक्क हा कायद्याने दिलेला हक्क तर आहेच. अनुच्छेद २१ चा व्यापक अर्थ पाहता तो मूलभूत हक्कही आहे. जमिनीच्या वादात मुदत चुकली तर मालमत्ता जाते. फौजदारी अपिलात मुदत चुकली तर माणूस न तपासलेल्या निकालावर वर्षानुवर्षे तुरुंगात राहतो.

येरवड्यातील न मिळालेली प्रत

उशिराच्या अपिलांचा विषय निघाला, की महाराष्ट्रातील एका प्रकरणाचा उल्लेख अटळ ठरतो. 'माधव हयवदनराव होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने ते कायद्याच्या पुस्तकांत नोंदले गेले आहे. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांसंबंधीचा हा खटला होता. सत्र न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवले, पण न्यायालय उठेपर्यंतची नाममात्र कैद आणि दंड एवढीच शिक्षा दिली. राज्य सरकारने या सौम्य शिक्षेला आव्हान दिले आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची केली.

त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका पोहोचली ती चार वर्षांहून अधिक विलंबाने. तोवर तीन वर्षांची शिक्षा भोगून संपली होती. एवढा उशीर का झाला, याची विचारणा होताच वेगळेच चित्र समोर आले. उच्च न्यायालयाने निकालाची मोफत प्रत पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या अधीक्षकांकडे तत्परतेने पाठवली होती. ती बंद्याला दिली, असे तुरुंग प्रशासनाचे म्हणणे होते. मिळालीच नाही, असे बंद्याचे म्हणणे होते. प्रत दिल्यानंतर शिक्षामाफीच्या अर्जाला जोडण्यासाठी ती परत घेतली, असा खुलासाही प्रशासनाकडून आला. मात्र प्रत मिळाल्याबद्दल बंद्याची सही असलेला एकही कागद तुरुंगाच्या दप्तरात नव्हता.

१७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी दिलेल्या निकालात या एका सहीच्या अभावातून व्यापक नियम घालून देण्यात आले. कारावासाची शिक्षा देताना न्यायालयाने निकालाची प्रत विनामूल्य द्यावी; ती तुरुंगामार्फत पाठवली असल्यास अधिकाऱ्याने ती विनाविलंब बंद्याच्या हाती द्यावी आणि त्याची लेखी पोच घ्यावी; अपील करू इच्छिणाऱ्या बंद्याला तुरुंग प्रशासनाने सर्व सोयी उपलब्ध करून द्याव्यात; गरिबीमुळे किंवा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटल्यामुळे वकील देणे शक्य नसेल, तर बंद्याची हरकत नसल्यास न्यायालयाने सक्षम वकील नेमावा आणि त्याचे शुल्क राज्याने द्यावे, असे हे नियम होते. अपील हा न्याय्य प्रक्रियेचा भाग असून तो अनुच्छेद २१ मध्ये अंतर्भूत आहे, हा त्यामागील विचार होता.

ज्याच्या याचिकेतून हे हक्क मिळाले, त्याला स्वतःला त्यांचा उपयोग झाला नाही. गुणवत्तेच्या मुद्द्यावर त्याची याचिका फेटाळली गेली. मात्र उशिरा येणाऱ्या प्रत्येक बंद्याच्या अपिलात प्रत केव्हा दिली आणि पोच कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याचा आधार तेव्हापासून मिळाला.

प्रतीचा हक्क आणि कायद्यातील उणीव

निकालाची प्रत विनामूल्य मिळण्याचा हक्क संहितेतही आहे. जुन्या संहितेचे कलम ३६३ आणि नव्या संहितेचे कलम ४०४ यांनुसार कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकाल जाहीर होताच प्रत मोफत द्यावी लागते. त्याने मागणी केल्यास प्रमाणित प्रत किंवा शक्य असल्यास त्याच्या भाषेतील अनुवादही विनाविलंब देण्याची तरतूद आहे. निकाल अपीलयोग्य असेल तर त्यासाठीही शुल्क घेता येत नाही. इंग्रजीतील निकालपत्र हाती पडलेल्या मराठी बंद्याच्या दृष्टीने अनुवादाची ही तरतूद मोलाची आहे. मात्र तिची माहिती असल्याशिवाय मागणीच होत नाही.

याच कलमात एक लक्षणीय उणीव राहिली आहे. अपील किती दिवसांत करायचे, हे आरोपीला सांगण्याचे बंधन या कलमाने न्यायालयावर घातले आहे ते केवळ फाशीच्या शिक्षेत. जन्मठेप झालेल्या किंवा दहा वर्षे कारावासाची शिक्षा सुनावलेल्या आरोपीला मुदत सांगण्याचे बंधन या कलमात नाही. वास्तविक फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यामुळे आरोपीने अपील केले नाही तरी ते प्रकरण वरिष्ठ न्यायालयापुढे जातेच. जन्मठेपेच्या बाबतीत असे काही घडत नाही. अपील झाले नाही तर तो निकाल तसाच अंतिम होतो.

ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०२४ च्या सुहास चकमा प्रकरणातील निकालात पाऊल टाकले. दोषसिद्धीच्या किंवा अपील फेटाळल्याच्या निकालाच्या प्रतीसोबत एक मुखपृष्ठ जोडावे, त्यावर मोफत विधी सहाय्याची माहिती आणि संबंधित समितीचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक द्यावा, असा व्यवहारनिर्देश काढण्याचा विचार उच्च न्यायालयांनी करावा, असे त्यात सुचवण्यात आले. तुरुंगांतील विधी सहाय्य केंद्रे अधिक सक्षम करण्याचे निर्देशही न्यायालयाने विधी सेवा प्राधिकरणांना दिले.

तुरुंगातून अपील

अपिलासाठी बाहेरचा वकील मिळालाच पाहिजे, असे कायद्याचे बंधन नाही. जुन्या संहितेचे कलम ३८३, म्हणजेच नव्या संहितेचे कलम ४२४ यांनुसार तुरुंगात असलेला बंदी आपले अपील आणि त्यासोबतच्या प्रती तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो. ते योग्य त्या अपिली न्यायालयाकडे पाठवणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. यालाच व्यवहारात 'जेल अपील' म्हणतात. त्याला न्यायालयीन मसुद्याचा सफाईदारपणा अपेक्षित नसतो. ते आपल्या भाषेत, साध्या अर्जाच्या रूपात असले तरी चालते. पुढे विधी सेवा समितीमार्फत नेमलेला वकील ते रीतसर मांडतो.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. या कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींमधील व्यक्ती यांनाही हा हक्क आहे. खटल्यापुरतीच ही मदत असते, हा समज चुकीचा आहे. अपिलाच्या टप्प्यावरही ती मिळते आणि आरोपीला वकील हवा आहे का, याची विचारणा उच्च न्यायालयानेही करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सांगितले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची १५१०० ही मदतवाहिनी नातेवाइकांसाठीही उपलब्ध आहे.

उशिराची किंमत

विलंबमाफी मिळाली तरी उशिराचे परिणाम पुसले जात नाहीत. अपील दाखल झाले म्हणून शिक्षा आपोआप थांबत नाही. त्यासाठी शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांचा वेगळा अर्ज करावा लागतो. साधारणतः विलंब माफ होऊन अपील नोंदले गेल्यावरच त्या अर्जाचा विचार होतो. म्हणजे विलंबमाफीची सुनावणी जितकी लांबते, तितका तुरुंगातील काळ वाढतो.

तीन वर्षांपर्यंतची शिक्षा झालेल्या आणि आधीपासून जामिनावर असलेल्या आरोपीला अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देऊ शकते. जुन्या संहितेत ही तरतूद कलम ३८९ मध्ये होती. नव्या संहितेत ती कलम ४३० मध्ये आहे. या सवलतीचा काळ संपण्यापूर्वी अपील झाले नाही, तर आरोपीला तुरुंगात जावे लागते. लहान शिक्षांच्या बाबतीत तर अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षाच भोगून झालेली असते. तरीही अपिलाचे महत्त्व संपत नाही. दोषसिद्धीचा डाग, सरकारी नोकरी, निवडणूक लढवण्याची पात्रता या गोष्टी निर्दोषत्वावर अवलंबून असतात.

अपील प्रलंबित असताना आरोपीचा मृत्यू झाला, तर आणखी एक मुदत महत्त्वाची ठरते. आई-वडील, पती किंवा पत्नी, मुले, भाऊ किंवा बहीण यांपैकी कोणीही मृत्यूनंतर ३० दिवसांच्या आत अपील पुढे चालवण्याची परवानगी मागू शकतात. ती मागितली नाही, तर दंडाच्या शिक्षेविरुद्धचे अपील वगळता अपील संपुष्टात येते आणि गेलेल्या माणसाच्या नावावर दोषसिद्धी कायम राहते.

विशेष कायद्यांची कठोर मुदत

काही विशेष कायद्यांत मुदतीचे नियम अधिक कडक आहेत. महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याखालील, म्हणजे 'मोक्का'खालील विशेष न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. राष्ट्रीय तपास यंत्रणा कायद्याच्या कलम २१ मध्येही ३० दिवसांची मुदत आहे. पुरेसे कारण असल्यास ती वाढवता येते. मात्र ९० दिवसांनंतर कोणतेही अपील दाखल करून घेऊ नये, असे त्यात म्हटले आहे.

या ९० दिवसांच्या मर्यादेवर देशातील उच्च न्यायालयांत मतभेद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये आरोपीच्या बाजूने अर्थ लावला. पुरेसे कारण असल्यास ९० दिवसांनंतरचा विलंबही माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असा निर्वाळा देऊन ८०० हून अधिक दिवसांचा विलंब माफ करण्यात आला. ते अपील जामीन नाकारण्याच्या आदेशाविरुद्ध होते. काही अन्य उच्च न्यायालयांनी मात्र ही मर्यादा ओलांडता येत नाही, अशी भूमिका घेतली होती.

सरकारचा उशीर आणि पीडितांची बाजू

मुदत आरोपीलाच लागू आहे असे नाही. निर्दोष सुटकेविरुद्ध राज्य सरकारला अपील करायचे असेल तर ९० दिवसांची मुदत आहे. सरकारी फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात वेळ गेला, हे कारण न्यायालयांपुढे वारंवार येते. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका दिवाणी प्रकरणात ४२७ दिवसांचा विलंब माफ करण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. मुदतीचा कायदा सरकारसह सर्वांना सारखाच लागू आहे, हे त्यातून अधोरेखित झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारच्या ६६३ दिवस उशिरा आलेल्या याचिकेवर न्यायालयाने २५ हजार रुपयांचा खर्च बसवला.

सरकार आणि बंदी यांना एकच मोजपट्टी लावणे कितपत योग्य, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. सरकारकडे विधी विभाग, सरकारी वकील आणि कर्मचारी असतात. बंद्याकडे कित्येकदा निकालाची प्रतही नसते. शिवाय निर्दोष सुटलेल्या व्यक्तीविरुद्ध वर्षांनंतर अपील दाखल झाले, तर तिच्या डोक्यावर पुन्हा खटल्याची टांगती तलवार येते.

मुदतीच्या बाजूनेही सबळ युक्तिवाद आहेत. खटल्याला कोठेतरी पूर्णविराम हवा. वर्षे उलटली की खालच्या न्यायालयातील कागदपत्रे जीर्ण होतात, साक्षीदार हयात राहत नाहीत आणि पुनर्सुनावणीचा आदेश झाल्यास ती घेणे कठीण होते. पीडित कुटुंबालाही आपले प्रकरण संपले, हे कळण्याचा हक्क आहे. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडितांनाही आरोपीच्या सुटकेविरुद्ध, सौम्य गुन्ह्याखाली दोषी ठरवण्याविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करता येते. त्यामुळे विलंबमाफीचा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहतो.

जेथे मुदत आड येत नाही

काही मुद्दे असे आहेत, की ज्यांना काळाचे बंधन लागू होत नाही. गुन्ह्याच्या वेळी आरोपी अल्पवयीन होता, हा दावा त्यांपैकी एक. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ९ नुसार तो कोणत्याही न्यायालयात आणि खटला अंतिमतः निकाली निघाल्यानंतरही करता येतो.

पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्याकांडातील एका आरोपीच्या प्रकरणात याचा प्रत्यय आला. त्याची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये कायम केली होती. फेरविचार याचिकाही फेटाळली गेली होती. २०१८ मध्ये त्याने आपण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचा अर्ज केला. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडून चौकशी करण्यात आली. शाळेच्या नोंदींवरून घटनेच्या वेळी त्याचे वय १२ वर्षे ६ महिने असल्याचे निष्पन्न झाले. २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला, तोवर त्याने २८ वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. अर्ज १८ वर्षे उशिरा आला, म्हणून तो पाहायचाच नाही असे ठरले असते, तर बारा वर्षांच्या मुलाला सुनावलेली फाशी कायम राहिली असती.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

शिक्षा सुनावली गेल्यानंतर नातेवाइकांनी सर्वप्रथम निकालाची मोफत प्रत बंद्याच्या हाती पडली का, याची खात्री करावी. प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी अर्ज करावा आणि अर्जाची पावती जपून ठेवावी. अपील कोणत्या न्यायालयात करायचे आणि शेवटचा दिवस कोणता, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. वकिलाचे शुल्क परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. बंद्यानेही तुरुंगातील विधी सहाय्य केंद्रात आपले नाव नोंदवावे.

मुदत टळलीच असेल, तर आता काही होणार नाही असे समजून आणखी दिवस घालवणे हे सर्वांत घातक. विलंबमाफीच्या अर्जात मुदत संपल्यानंतरचा काळही तपासला जातो. आजारपण, तुरुंग बदलणे, प्रत न मिळणे, वकिलाने कळवल्याप्रमाणे अपील न करणे, यांतील जे खरे असेल तेच तारखांसह सांगावे. अतिरंजित कारण दिले आणि ते कागदोपत्री टिकले नाही, तर खरा मुद्दाही संशयास्पद ठरतो.

अपिलाचा हक्क कायद्याने दिला आहे आणि उशिरा आलेल्यांसाठी विलंबमाफीची वाटही ठेवली आहे. त्या वाटेवर उभे राहण्यासाठी लागणारा पहिला कागद मात्र तुरुंगाच्या दारातून आत जावा लागतो. तो वेळेत आत गेला आणि त्यावर बंद्याची सही झाली, तर विलंबमाफी मागण्याची वेळ अनेकांवर येणारच नाही.